बैलांच्या सुट्टीचा वार

शेवयांचं अर्धं पीठ ओल्या फडक्याखाली झाकलेलं होतं, अर्ध्या शेवया बाजेवर पसरून झाल्या होत्या, तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली, "उमाक्का, सरकारी कागद आलाय. वाचून दावा की."

हाताचं पीठ तसंच ठेवून मी भिंतीपाशी गेले. शेजारच्या रत्नम्मानं पाकीट पदराच्या टोकात धरलं होतं, डाग लागू नये म्हणून. लातूरच्या ग्रामतंत्र केंद्राचं पत्र होतं. येत्या सोमवारी सकाळी दहा वाजता समिती गावात येईल, बैलांवर चालणाऱ्या डाळयंत्राचं काम सलग चार तास पाहील आणि मग यंत्र गावात ठेवायचं की परत न्यायचं ते ठरवील, असा मजकूर.

"म्हणजे आपण मागितला तोच वार दिला," रत्नम्मा म्हणाली. "शिवानं ऐकलं बघा."

मलाही तसंच वाटलं. समितीला कोणता दिवस सोयीचा ते कळवा, असं केंद्रानं महिन्यापूर्वी विचारलं होतं. उत्तर मीच लिहिलं होतं. शिवाचा वार, चांगल्या कामाला चांगला, म्हणून सोमवार घातला. दोघींपैकी एकीच्याही डोक्यात दुसरं काही आलं नाही.

रत्नम्माबद्दल आधी लिहायला हवं. रोजच्या वहीत तिचं नाव इतक्यांदा येतं, पण ती कोण ते मी कधी नीट लिहिलंच नाही.

ती भालकीकडची. सतराव्या वर्षी गुरुबसप्पांची सून होऊन आमच्या गावी आली. निलंग्यापासून तीन कोसांवर आमचं गाव. तेव्हा तिला मराठीचा गंधही नव्हता. पाणी म्हणायचं तिथं नीरु म्हणायची आणि आडावरच्या बायका मुद्दाम ऐकू आलं नाही असं दाखवायच्या. ती रागावली नाही. घागर खाली ठेवून तिथंच बसली आणि कानडीतच म्हणाली, "हेळ्री, तुम्ही काय म्हणता ते सांगा, मी तेच म्हणते." सहा महिन्यांत ती आमच्याहून जोरात भांडायला शिकली. बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर आम्ही दोघी खडी फोडायला एकाच रांगेत होतो. रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी आमच्या घशाखाली उतरायच्या नाहीत. ती आपल्या भाकरीवर तुरीच्या डाळीची चटणी घालून आणायची आणि चौघींत वाटायची. डाळ तिची घरची. सगळ्या गल्लीची तूर तिच्या जात्यावर यायची. एक दाणा दाताखाली धरून ती सांगायची, "अजून दोन ऊन," आणि ते दोन ऊन दिल्याशिवाय जात्याला हात लावू द्यायची नाही. तिचा नवरा महादेवप्पा लातुरात एका डाळमिलवर मशीन बघतो, शनिवारी येतो. घर, सासरा आणि बैलजोडी सगळं तिच्याकडं.

चार वर्षांपूर्वी लातूर जिल्हा झाला. त्याआधी कचेरीचं काही काम निघालं की उस्मानाबादेला जाण्यात दिवस जायचा आणि साहेब नसला की दुसराही जायचा. आता सकाळच्या एस.टी.नं गेलेलं माणूस दुपारी घरी जेवायला येतं. नव्या जिल्ह्याबरोबर बऱ्याच पाट्या लागल्या. त्यातली एक पाटी ग्रामतंत्र केंद्राची. तिथं पत्र्याच्या शेडमध्ये नवनवी यंत्रं करतात: कमी लाकडाची चूल, एका बैलाची पेरणीची पाभर, असं काहीबाही. करून झालं की एखाद्या गावाला वापरायला देतात. यंत्राबरोबर दोरीला बांधलेली वही देतात आणि सांगतात, काय बिघडतं ते लिहा. सरकारी माणूस आपल्याला चुका काढायला सांगतो हे मला फार आवडलं.

डाळयंत्र आमच्या गावाला मिळालं ते रत्नम्मामुळं. केंद्राचे इंजिनिअर व्यंकटराव इंगोले, मुखेडकडचे, तरुण माणूस, गावोगाव तुरीबद्दल विचारत फिरत होते. तूर आपली, ती लातूरला जाते आणि डाळ होऊन परत आपल्याच दुकानात येते, तर डाळ गावातच का होऊ नये, असं त्यांचं म्हणणं. वीज दिवसातून दोन-तीन तास, तीही नेम नसलेली, म्हणून यंत्र बैलांवर चालणारं. खळ्याच्या मधोमध सिमेंटचा ओटा, त्यावर दातेरी चाकांची लोखंडी पेटी, पेटीतून बाभळीचा लांब दांडा. दांड्याला बैल जुंपायचे, ते गोल फिरले की फळ्यांखालून गेलेला लोखंडी दांडा आणि पट्टा शेडमधलं डाळयंत्र फिरवतो. तुरीला तेल-पाणी किती लावायचं ते इंगोले साहेबांच्या पुस्तकात होतं. रत्नम्मानं एक दाणा चावून सांगितलं, "ही दुष्काळाची तूर हाय साहेब, हिचं साल लई चिवट. पुस्तकातल्या तुरीला पाणी मिळालेलं दिसतंय." तिनं तेल वाढवून तूर रातभर ताडपत्रीखाली मुरत ठेवली. दुसऱ्या दिवशी चुरा निम्म्यानं कमी पडला. साहेबांनी पुस्तकाच्या समासात ते लिहून घेतलं.

वही लिहायचं काम माझ्याकडं आलं. "तुम्ही रोज लिहिता म्हणं," साहेब म्हणाले. मी सकाळी लिंगपूजा झाल्यावर माझ्या वहीत चार ओळी लिहिते हे गावभर कसं झालं कुणास ठाऊक.

पण यंत्राचं मोल रत्नम्माला डाळीपेक्षा चुणीत, म्हणजे साली-तुकड्यांच्या चाऱ्यात, जास्त होतं. पाऊस दोन वर्षं नीट नाही. गंजी संपल्या, कडबा आणायचा कुठून? गावातल्या निम्म्या दावणी रिकाम्या झाल्या. तिची जोडी टिकली ती यंत्रातून पडणाऱ्या चुणी-भुशावर. बैल यंत्र फिरवायचे आणि यंत्र बैलांना खायला घालायचं. यंत्र परत गेलं तर चुणी गेली, आणि चुणी गेली तर आठ दिवसांत हरण्या आणि चांद्या हाळीच्या जनावरांच्या बाजारात. हे तिनं बोलून दाखवलं नाही, पण पत्र ऐकताना ती दावणीकडंच बघत होती.

ते पत्र हातात घेऊन ती ओसरीवर सासऱ्यांना सांगायला गेली आणि पाच मिनिटांत परत भिंतीशी आली. चेहरा उतरलेला.

"उमाक्का, घात झाला. मामा म्हणतात, सोमवारी जू?"

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. आमच्या लिंगायतांत सोमवारी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. नंदीचा वार तो. पेरणीची घाई असो की राशीची, सोमवारी बैल दावणीला. लहानपणापासून हे इतकं अंगवळणी पडलेलं की सोमवारी नांगर दिसला तर आम्ही थांबून बघू. पण मी पत्र लिहिलं तेव्हा माझ्या मनात यंत्र होतं, लोखंड होतं, पट्टा होता. बैल नव्हतेच. आणि तिच्या मनात शिव होता. दोघींनी मिळून देवाच्या नावानं देवाचाच नेम मोडायची तयारी करून ठेवली.

"मग इतके दिवस सोमवारी काय केलं?" मी विचारलं.

"दर सोमवारी यंत्र बंदच असतंय की. तुम्हीच लिहिता वहीत, 'सोमवार, काम नाही.'"

खरंच. मीच लिहीत होते.

दुपारी मागच्या आळीतले शेषेराव पाटील आले. त्यांना गावातली बातमी वाऱ्याआधी कळते. "काय रत्नम्मा, नंदी रजेवर गेला म्हणं? माझी जोडी घेऊन जा. आम्हाला सोमवारचं बंधन न्हाई."

"तुमची जोडी गोल फिरंल का दादा? पहिल्याच फेरीला आडावर जाऊन पाणी मागंल."

"पंधरा दिस शिकवलं तर फिरंल."

"पंधरा दिस कुठून आणू? आन आणले तरी नको. आपण पाळायचं, आन दुसऱ्याच्या बैलाकडून काम करून घ्यायचं, हे कसलं पाळणं?"

ओसरीवरून गुरुबसप्पांचा आवाज आला, "बरोबर बोलली." सुनेला ते असं कधी म्हणत नाहीत. शेषेराव मिशीत हसत निघून गेले.

शनिवारी आम्ही दोघी सातच्या गाडीनं लातूरला गेलो. इंगोले साहेब शेडमध्ये एका चाकावर वाकले होते. रत्नम्मानं आडपडदा न ठेवता सांगितलं. ऐकून साहेब खाली स्टुलावरच बसले.

"अहो बाई, समिती मुंबईहून निघाली पण. सोमवारी तुमचं गाव, मंगळवारी नांदेड. ट्रंक कॉल लागून नाही राहिला. मी त्यांना काय सांगू, बैलांचा उपवास आहे म्हणून?"

"उपवास न्हाई साहेब, सुट्टी. तुमच्या हापिसाला रविवार असतोय न्हवं?"

साहेबांना हसू आलं, पण ते लगेच विझलं. "या वेळी पास नाही झालं तर हे काम बंद होईल. वरचे म्हणतात, बैलांचं यंत्र मागे नेणारं आहे, विजेवरचंच करा."

"वार मी लिहिला होता साहेब," मी म्हणाले. "चूक माझी आहे."

"मग पुढचं पण तुम्हीच सुचवा."

रत्नम्मा उठली. "येऊ द्या त्यांना. खोटं काय सांगायचं न्हाई. डाळ तर बघतील."

रविवारी रात्री आणि सोमवारी पहाटे मी हातावर लिंग घेऊन बसले, पण चित्त लागेना. डोळे मिटले की बाभळीचा दांडा दिसायचा, मधोमध उभा, कुणी न फिरवता. शेवटी मी देवाला एवढंच म्हणाले, तुझा वार मी मागितला आहे, आता तूच बघ. भस्माचे पट्टे ओढले आणि खळ्यावर गेले.

जीप साडेदहाला आली. मोठे साहेब, त्यांच्याबरोबर एक हाताखालचे अधिकारी आणि इंगोले. मोठ्या साहेबांचं डोक्यावरचं पागोट्यासारखं गुंडाळलेलं उपरणं बघून बायका तोंडाला पदर लावून हसल्या. उन्हानं ते बेजार झाले होते. त्यांनी दावणीकडं बघितलं. हरण्या आणि चांद्या अंग धुऊन, कपाळाला भस्म लावून रवंथ करत बसले होते.

"जुंपा की," साहेब म्हणाले.

रत्नम्मानं पुढं होऊन सगळं सांगितलं. साहेबांनी घड्याळ बघितलं. "म्हणजे आम्ही शंभर कोसांवरून बसलेले बैल बघायला आलो?"

"साहेब, बैलाला सुट्टी हाय. आम्हाला न्हाई." असं म्हणून रत्नम्मानं पदर कमरेला खोचला, दांड्यापाशी गेली आणि दोन्ही हात लावून रेटलं. दांडा जागचा हलला नाही. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मग गौरम्मा, सिंधु, गल्लीतल्या बाकीच्या. अकरा बायका झाल्या. दांडा कुरकुरला आणि चालू लागला. शेडमध्ये पट्ट्याचा आवाज सुरू झाला.

"अरे, बायका जुंपल्या!" शेषेराव ओरडले आणि कट्ट्यावरची पोरं-बापे हसले.

"हसू नको शेष्या. ये, लाग इकडं," गुरुबसप्पा कडाडले. सत्तरीतला माणूस, काठी टाकून दांड्याला येऊन भिडला. सासऱ्याच्या शेजारी रेटताना रत्नम्मानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला तर ते म्हणाले, "राहू दे गं, दोन्ही हातानं लाव." मग शेषेरावही आले. शेवटी इंगोले साहेब बुशशर्टाच्या बाह्या सारून आले.

तिसऱ्या फेरीला मला काहीतरी वेगळं वाटलं. लिंबाच्या झाडाकडच्या बाजूला आलो की दांडा एकदम जड व्हायचा, सगळ्यांची पावलं अडकायची, आणि पुढं गेलं की सुटायचा. मला वाटलं, आपलीच दमछाक. चौथ्या फेरीला तिथंच सिंधु ठेचकाळली. पाचव्याला रत्नम्मा थांबली.

"हितं कोण धरतंय दांडा?"

"धरतंय कोण? जडच हाय हितं," गुरुबसप्पा म्हणाले. मग ते दावणीकडं वळले. "म्हणून चांद्याच्या खांद्याला गाठ आली. मी त्याला आळशी म्हणत होतो. हितं आला की थांबायचा, आन मी चाबूक दाखवायचा."

इंगोले साहेब पेटीपाशी गुडघ्यावर बसले. ओटा त्यांनी हातानं चाचपला, मग झोळीतून काचेच्या नळीत बुडबुडा असलेली लाकडी पट्टी काढून ओट्यावर ठेवली. बुडबुडा मधोमध राहीना, एका टोकाला पळाला. ओटा लिंबाच्या बाजूला खचला होता. दोन वर्षं पाणी नसल्यानं आमच्या काळ्या रानाला हात-हात भेगा पडल्या आहेत. तशीच एक भेग ओट्याखालून गेली होती. पेटी कलली आणि आतली चाकं दर फेरीला त्या एका जागी एकमेकांना धरत होती.

"केंद्रात आमच्याकडं मुरूम आहे," साहेब स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "तिथं हा ओटा कधीच खचला नसता. मला हे तिथं दिसलंच नसतं."

"बैलांना कधीच कळलं होतं," रत्नम्मा म्हणाली. "त्यांना वही लिहिता येत न्हाई एवढंच."

मोठे साहेब आतापर्यंत लिंबाखाली उभे होते. ते आले. त्यांनी उपरणं काढून जीपवर टाकलं, दांड्याला हात लावला आणि आमच्याबरोबर अख्खी एक फेरी चालले. लिंबापाशी आल्यावर म्हणाले, "हो, इथं. खरंच." घामानं त्यांचा चष्मा घसरला. मला पहिल्यांदाच वाटलं की ह्या माणसाची खेप वाया जाऊ नये.

इंगोले साहेबांनी नट सैल करून ओट्यावर पेटीखाली पत्र्याचे तुकडे सरकवले, एक, मग दुसरा. बुडबुडा मधोमध येईपर्यंत तासभर गेला. पुन्हा रेटलं तर दांडा कुठंच अडेना. आठ बायकांत चालला, मग सहात. सहा जणींनी पाऊण तास फिरवला. मग आम्ही दमलो आणि बसलो. गौरम्मानं ताकाची कळशी आणली होती, तीत मोठ्या साहेबांचा वाटा दोन पेल्यांचा झाला.

"पण बैलांची चार तासांची चाचणी बाकीच आहे," साहेब म्हणाले. "कागद तेच मागतो."

"उद्या पाचला या," रत्नम्मा म्हणाली. "उद्या त्यांची हजेरी."

साहेबांनी इंगोल्यांकडं बघितलं. स्वतः ते नांदेडला गेले, कारण तिथं लोक वाट बघत होते. पण हाताखालच्या अधिकाऱ्यांना मागं ठेवून गेले. जाताना त्यांनी माझ्याकडची दोरीची वही मागितली, मागची दोन पानं वाचली आणि विचारलं, "सोमवारी काम नाही, हे इतके दिवस लिहिलंय. कुणी वाचलं नाही का?"

मंगळवारी पहाटे पाचला तांबडं फुटताना हरण्या आणि चांद्या दांड्याला आले. पहिल्या फेरीला लिंबापाशी चांद्या सवयीनं थांबला. गुरुबसप्पांनी चाबूक उचलला नाही. त्याच्या मानेवर हात ठेवून ते म्हणाले, "चल बाबा. आता न्हाई काही तिथं." चांद्यानं एक पाऊल टाकलं, मग दुसरं. जड लागेना तेव्हा तो चालू लागला. त्यानंतर तो थांबला नाही. रत्नम्मा यंत्राच्या तोंडाशी बसली होती, दाण्यांकडं बघत. दर अर्ध्या तासाला ती एक डाळ दाताखाली धरायची आणि मान हलवायची. सव्वानऊला अधिकाऱ्यांनी हात वर केला. शंभर किलो तुरीला एकाहत्तर किलो डाळ, चुरा सहा. जात्यावर साठाच्या वर कधी गेलं नव्हतं.

अधिकाऱ्यांनी तिथंच ओट्यावर बसून लिहिलं. यंत्र एक वर्ष ह्याच गावात राहील, बायकांच्या गटाकडं. काळ्या रानात ओटा मुरमापर्यंत खणून घ्यायचा, हे पुढच्या सगळ्या यंत्रांना लागू. ते वाचून दाखवल्यावर रत्नम्मा म्हणाली, "आन आठवड्याचे दिवस सहा, ते पण लिहा." त्यांनी लिहिलं.

गुरुबसप्पांनी चुणीचं पहिलं टोपलं स्वतः उचललं आणि दावणीत ओतलं. सुनेनं करायचं काम ते करत होते म्हणून गल्लीतल्या बायका बघत होत्या. रत्नम्मानं त्यांना करू दिलं. ती खळ्यात उभी राहून दांड्याच्या सावलीकडं बघत होती, आणि मला वाटलं ती रडेल. पण ती म्हणाली, "उमाक्का, आडाजवळच्या घरांच्या तुरी उद्या येतील. हलसूर गावच्यांना परवा यायला सांगा."

इंगोले साहेब निघताना दोनच गोष्टी बजावून गेले. पाऊस पडला की भेगा मिटतील आणि ओटा पुन्हा हलेल, तेव्हा घाबरायचं नाही. आणि दर महिन्याला पट्टीतला बुडबुडा मधोमध आहे का ते बघायचं. त्यांची पट्टी केंद्राची, ती ठेवून जाता येईना. तिला गवंडी पाणसळ म्हणतात आणि ती निलंग्याला लोखंडाच्या दुकानात मिळते, असं त्यांनी माझ्या वहीत लिहून दिलं. पत्र्याचे उरलेले तुकडे आणि एक पाना ते ठेवून गेले. मी पाना धरून बघितला, भलताच जड. रत्नम्मानं तो घेतला आणि विळीशेजारी खुंटीला अडकवला.

उद्या बुधवार. रत्नम्मा सकाळी सातच्या एस.टी.नं निलंग्याला जाणार आहे, पाणसळ विकत आणायला.